डोळ्यांतली तिसरी पेशी

लातूरच्या ट्यूशन एरियात रात्री एक वाजता वर मान करून बघा. दिवे मालवलेल्या खोल्यांच्या खिडक्यांत फोनचा निळसर उजेड हलत असतो. नांदेडला विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींच्या खोल्यांतही तोच उजेड. तो डोळ्यांत शिरतो, हे तर झालंच. पण पुढे कुठे जातो?

शाळेत आपण शिकलो, डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी दोनच: दंडाकार आणि शंक्वाकार. पण 1920च्या दशकात क्लाइड कीलर या हार्वर्डच्या विद्यार्थ्याला एक अजब गोष्ट दिसली. जन्मतः आंधळ्या उंदरांच्या बाहुल्याही उजेडात आकसत होत्या! दिसत नाही, तर मग उजेड कळतो कोणाला? उत्तर यायला 2002 उजाडलं. डेव्हिड बर्सन यांनी तिसऱ्या प्रकारची पेशी स्वतःहून प्रकाशाला प्रतिसाद देते, हे दाखवून दिलं. चित्र रेखाटणं हे तिचं मुख्य काम नाहीच. दिवस आहे की रात्र, हे मुख्यतः ती मेंदूला कळवते, आणि तिला सर्वांत जास्त चेतवतो तो निळा प्रकाश.

तिचा निरोप जातो मेंदूच्या तळाशी, जेमतेम वीस हजार पेशींच्या घड्याळाकडे. एवढ्याशा पुंजक्यावर सगळ्या देहाचं वेळापत्रक! अंधार पडला की हे घड्याळ मेलॅटोनिन सोडायला लावतं. मेलॅटोनिन म्हणजे गावात पिटलेली दवंडी: रात्र झाली हो! ती कोणाला धरून झोपवत नाही, फक्त वर्दी देते. बोस्टनमध्ये बारा तरुणांना झोपण्यापूर्वी काही रात्री छापील पुस्तक आणि काही रात्री टॅबलेटवरचं पुस्तक वाचायला दिलं. 2015 साली निष्कर्ष छापून आले: टॅबलेटच्या रात्रींनंतर ही दवंडी दीड तासाहून अधिक उशिरा पिटली गेली.

झोप लागायला मात्र दहाच मिनिटं जास्त लागली. म्हणजे सगळा दोष उजेडाचा नाही. संपतच नाहीत अशी रील्स, ग्रुपवर येत राहणारे मेसेज यांनी जागं ठेवलेलं मन हा माझ्या मते मोठा गुन्हेगार. त्यात विशीच्या आसपास शरीराचं घड्याळ मुळातच आयुष्यातलं सर्वांत उशिराचं असतं. मुलं आळशी नसतात. त्यांची रात्र खरोखरच उशिरा सुरू होते. फोन ती आणखी पुढे ढकलतो आणि सकाळचा क्लास काही केल्या हलत नाही.

आणि या भांडणात हरतो तो अभ्यास. 1924 साली छापून आलेल्या एका प्रयोगात कॉर्नेल विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी निरर्थक अक्षरं पाठ केली. कधी लगेच झोपले, कधी जागे राहिले. झोपले तेव्हा कितीतरी जास्त आठवलं. पुढच्या संशोधनाने कारणही सांगितलं: दिवसभरात शिकलेलं मेंदू झोपेत पुन्हा घोळवतो, पक्कं करतो. ‘नीट’ प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाचा अर्धा अभ्यास, म्हणा ना, उशीवर होतो!

तेव्हा मित्रांनो, आज रात्री फोन खोलीबाहेर चार्जिंगला लावा. आणि सकाळी थोडा वेळ गच्चीवर उन्हात उभे राहा. त्या तिसऱ्या पेशीला दिवस उगवल्याचं कळू द्या.