रुळाची पकड

पेंड्रोल क्लिप पहिल्यांदा हातात घेतली की तिचं वजन जाणवतं. जाड बोटाएवढी, सुमारे २० मिलिमीटर व्यासाची पोलादी सळई तापवून, वळवून केलेली ही वस्तू किलोला थोडी कमी भरते. दोन्ही हातांनी कितीही दाबली तरी ती तसूभर हलत नाही. रुळावर बसवताना मात्र तिचं टोक सेंटिमीटरहून थोडं जास्त उचललं जातं आणि त्या ताणाच्या जोरावर ती रुळाच्या पायावर ८५० ते ११०० किलोचा दाब सतत देत राहते. रुळांखालच्या एका आडव्या स्लीपरवर अशा चार क्लिपा असतात. मुख्य मार्गावर किलोमीटरला साधारण १६६० स्लीपर धरले, तर एका मार्गिकेच्या एका किलोमीटरला ६६४० क्लिपा होतात. या हिशेबाने मुंबई ते कसारा या प्रवासात लोकल एका दिशेला आठ लाखांच्या आसपास क्लिपांवरून जाते. त्यातली जवळपास प्रत्येक क्लिप कुणीतरी वाकून, घण मारून बसवलेली आहे.

कसाऱ्याच्या अलीकडे, रीतसर परवानगी काढून, रूळ सांभाळणाऱ्या एका गँगबरोबर मी हे काम पाहिलं. काम होतं क्लिपांना ग्रीस लावण्याचं. ऐकायला किरकोळ वाटतं. मुकादम, त्याच्या हाताखालचे ट्रॅकमन, त्यांत दोन बायका, आणि गँगच्या दोन्ही बाजूंना शिट्टी आणि झेंडा घेऊन उभे असलेले लुकआऊटवाले. गाड्या चालूच होत्या. शिट्टी वाजली की सगळे अवजारं उचलून बाजूला, गाडी गेली की पुन्हा रुळावर. खडीवरून दिवसभर असं मागेपुढे होणं हाच निम्मा शीण. नव्या माणसाचे घोटे पहिल्या आठवड्यातच बोलायला लागतात, असं मुकादम म्हणाला.

स्लीपर काँक्रीटचा, अडीचशे किलोंहून जड. तो ओतताना त्यात बिडाचे इन्सर्ट पक्के बसवलेले असतात, त्यांचं भोक असलेलं डोकं तेवढं वर दिसतं. स्लीपरवर आधी खाचांचं रबर पॅड, ६ मिलिमीटर जाडीचं. त्यावर रूळ. रुळाच्या पायाच्या कडेवर लायनर, आणि लायनरवर क्लिपचा चवडा. क्लिपचा मधला दांडा इन्सर्टच्या भोकात जातो, टाच इन्सर्टवर टेकते आणि चवडा रूळ दाबून धरतो. या साऱ्यात एकही नट नाही, बोल्ट नाही, आटा नाही. गाड्यांच्या हादऱ्यांनी फिरून ढिलं होईल असं काही त्यात ठेवलेलंच नाही.

एका ट्रॅकमनने लांब दांड्याचं अवजार लावून क्लिप मागे ओढली. पहिली सहज निघाली. दुसरी हटेना. इन्सर्टच्या भोकात गंज धरून दांडा तिथेच चिकटला होता. उलट्या बाजूने घणाचे घाव बसायला लागले, मध्ये एकदा शिट्टी झाली, गाडी गेली, पुन्हा घाव. अखेर ती सुटली तेव्हा दांड्यावर तांबूस पापुद्रा चढलेला दिसला. ग्रीस कशासाठी लावायचं ते तिथे समजलं. क्लिप गंजून तुटणं ही पुढची गोष्ट. त्याआधीच ती इन्सर्टमध्ये अशी जाम होते की रूळ बदलायच्या वेळी निघता निघत नाही, आणि गाड्या थांबवून मोजून मिळालेल्या ब्लॉकमधली मिनिटं अशा एकेका क्लिपवर खर्च होतात. रविवारच्या मेगाब्लॉकवर चिडणाऱ्या प्रवाशाला हे कुठून दिसणार? ब्लॉक वेळेत सुटला तर त्याचं श्रेय बऱ्याचदा वर्षभर आधी कुणीतरी लावलेल्या ग्रीसला असतं.

क्लिप निघाली की तारेच्या ब्रशने दांडा घासायचा, इन्सर्टचं भोक आतून साफ करायचं, मग दोन्हींना काळं ग्रॅफाइट ग्रीस. एका वेळी एकाच स्लीपरच्या क्लिपा काढायच्या. तो पुरा बसल्याशिवाय शेजारच्याला हात नाही. घाई करून चार-पाच स्लीपर एकदम मोकळे करण्याचा मोह इथे चालत नाही, कारण मोकळ्या रुळाला उन्हात काय सुचेल ते सांगता येत नाही. लायनर उचलून त्याच्या खालचा रुळाचा पायही पाहायचा, कारण गंज नेमका तिथे, झाकलेल्या जागी, लपून रूळ खातो. डब्यांच्या शौचालयांतली घाण थेट रुळावर पडायची त्या काळात हा त्रास फार होता. बायो-टॉयलेट आल्यापासून तो पुष्कळ कमी झाला. या एका बदलाचं रूळ सांभाळणाऱ्यांना किती सुख झालं, याची चर्चा मला कुठे वाचायला मिळाली नाही. जी घाण रूळ खात होती, ती या माणसांना हातांनी बाजूला सारून काम करावं लागत होतं.

मग क्लिप पुन्हा ठोकायची. रुळाच्या आतल्या बाजूची क्लिप एका दिशेने ठोकली, तर बाहेरच्या बाजूची उलट्या दिशेने. वळणच तसं आहे. म्हणजे प्रत्येक रुळापाशी माणसाने अंग फिरवून उभं राहायचं. दांडा भोकात सरकत जातो, चवडा लायनरवर चढतो, आणि शेवटी दांड्याचं टोक इन्सर्टच्या कडेशी बरोबर जुळलं पाहिजे. अलीकडे राहिलं तर दाब कमी, पलीकडे गेलं तरी दाब बिघडतो. एक नवा मुलगा जोरात मारत होता. मुकादम त्याच्या शेजारी उकिडवा बसला. “हां, अजून एक, हलका. आता बास. आता हात लावू नको तिला.” मग बोट कडेवर फिरवून त्याने खात्री केली. घाव चुकून रुळावर बसला असता तर मात्र मुकादम रागावला असता. रुळाच्या पायाला पडलेला बारीकसा व्रणसुद्धा पुढे तड्याची सुरुवात ठरू शकतो.

हा दाब कशासाठी, हे समजून घ्यायचं तर चालत्या चाकाकडे पाहायला हवं. चाकाखाली रूळ थोडा खचतो आणि चाकाच्या पुढे-मागे किंचित वर उचलला जातो. प्रत्येक चाकासरशी रुळातून ही लाट धावत जाते. लाकडी स्लीपरच्या काळात रूळ धरायला डॉग स्पाइक, म्हणजे वाकड्या डोक्याचा जाडजूड खिळा असायचा. उचलला जाणारा रूळ त्याला रोज थोडा थोडा वर ओढायचा, की गँगने तो पुन्हा ठोकायचा. नंतर बिडाचे स्लीपर आले. त्यांत रूळ लोखंडी चावीने, म्हणजे पाचरीने आवळत. हादऱ्यांनी चाव्या सुटत, आणि हातोडा खांद्यावर टाकून आपल्या हद्दीत रोज चालत त्या ठोकत जाणं हे कीमनचं काम. चाव्या गेल्या, पण कीमन आजही तसाच चालतो, जाताना एका बाजूने आणि परतताना दुसऱ्या. या दोन्ही जुन्या पद्धतींत धरणारी वस्तू ताठ होती. एकदा जागा सुटली की पकड गेली. क्लिप स्प्रिंगच्या पोलादाची. रूळ खचला तर तीही त्याच्यामागे खाली येते, उचलला तर वर जाते, आणि दाब ठेवतेच. ही कल्पना पेर पांदे-रोल्फसेन या नॉर्वेजियन अभियंत्याची, १९५०च्या दशकातली. त्याच्या आडनावातूनच ‘पेंड्रोल’ हे नाव पडलं. भारतात काँक्रीटचे स्लीपर पसरले तशी ती सगळीकडे पोचली.

दुसरं कारण ऊन. पूर्वी दर तेरा मीटरवर सांधा असे आणि त्यात फट. आता रूळ जोडून जोडून मैलोन्‌मैल सलग असतो. एक किलोमीटर रूळ मोकळा सोडला आणि तो ३० अंशांनी तापला, तर तो जवळपास ३५ सेंटिमीटर लांबेल. तो लांबत नाही, कारण क्लिपा त्याला स्लीपरला धरून असतात आणि स्लीपर खडीत रुतलेले असतात. लांबता न आल्याने तो जोर रुळातच साठतो. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात दर अंशाला सुमारे १.८५ टन. तीस अंशांना पंचावन्न टनांच्या पुढे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी घाटाखालच्या रुळाला हात लावून पाहा, चटका बसेल. आत दबून बसलेला तो जोर बाहेर पडायला वाट शोधत असतो. खडी कमी पडली, क्लिपा ढिल्या झाल्या, की रूळ बाजूला वाकतो. म्हणून उन्हाळ्यात ही माणसं रुळाला सगळ्यांत जास्त जपतात. घाटात त्यात उताराची भर. कसाऱ्याच्या पुढच्या, १८६५ साली सुरू झालेल्या थळ घाटात ३७ मीटरला एक मीटर चढ आहे. गाड्यांच्या ब्रेकने रूळ सतत उताराकडे ढकलला जातो. कुठे कुठे रबर पॅड रुळाखालून एका बाजूला सरकून जीभ काढल्यासारखं बाहेर आलेलं दिसलं, की इथली पकड कमी झाली हे अनुभवी माणूस लगेच ओळखतो. “काका, हे बघा, रबर आलंय बाहेर,” त्या दिवशी गँगमधल्या एका बाईने हाक मारली. मुकादमने जाऊन चारही क्लिपांवर हातोडा टेकवून ऐकलं. नीट बसलेल्या क्लिपचा आवाज भरीव येतो, ढिलीचा खुळखुळता. चारपैकी एक खुळखुळली.

लायनरचंही एक काम आहे, त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. सिग्नलसाठी दोन्ही रुळांतून बारीकसा विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडी आली की चाकं दोन्ही रूळ जोडतात आणि सिग्नल लाल होतो. त्यामुळे एरवी दोन्ही रूळ एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने अलग राहिले पाहिजेत. त्यासाठी अशा भागात काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे लायनर. एखादा फुटून क्लिप थेट रुळाला लागली तरी काही काळ सगळं ठीक चालतं. पाऊस लागला की गाडी नसतानाही सिग्नल लाल होण्याचं कारण तिथे तयार होऊ शकतं. पावसाळ्यात ‘सिग्नल फेल’ ही घोषणा ऐकून आपण कपाळावर हात मारतो, तेव्हा भर पावसात कुणीतरी वाकून असलेच लायनर तपासत असतं.

आणखी जोरकस क्लिपही आता आली आहे. जड मालगाड्यांसाठी १२०० ते १५०० किलोंचा दाब देणारी. रुळाच्या दृष्टीने ते चांगलंच. पण ती बसवायला आणि काढायला घावही तितकेच जोराचे लागतात, आणि घण उचलणारा खांदा माणसाचाच आहे. क्लिपा दाबून बसवणारी यंत्रं आहेत. नव्या मार्गावर किंवा मोठ्या ब्लॉकमध्ये ती उपयोगी पडतात. पण चालू मार्गावर शिट्टी वाजताच उचलून बाजूला नेता येईल असं हलकं अवजार प्रत्येक गँगच्या हाती पडायला हवं, आणि ते आजच पडायला हवं असं मला मनापासून वाटतं. त्या गँगमधल्या चाळिशीच्या एका माणसाचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. डाव्या हाताने तो ग्रीस लावत होता आणि घण दुसऱ्याकडे दिला होता.

दुपारी उन्हाचा चटका वाढल्यावर काम थांबलं. थांबण्याआधी मुकादमने अवजारं मोजून घेतली. खुळखुळणाऱ्या क्लिपच्या जागी दुसरी बसवली होती, पण सरकलेलं रबर पॅड बदलायचं राहिलं, कारण त्यासाठी रूळ उचलावा लागतो आणि त्या तापमानात ते करता येत नाही. किलोमीटरचा खांब पाहून त्याने ती जागा वहीत टिपली, स्लीपरवर खडूने खूण केली आणि उद्या पहाटे ऊन चढायच्या आत जॅक घेऊन इथूनच सुरुवात करायची, असं गँगला सांगितलं.