एक सामना, कोट्यवधी प्रती

दिनांक १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथे विश्वचषक क्रिकेट स्पर्धेचा अंतिम सामना झाला, त्या वेळी हॉटस्टार या सेवेवर एकाच क्षणी सुमारे ५ कोटी ९० लाख प्रेक्षक होते. दूरचित्रवाणीला एवढ्या प्रेक्षकांचे ओझे वाटत नाही. इंटरनेटला मात्र ते फार जाणवते. असे का व्हावे?

१ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. उपग्रहाने कार्यक्रम एकदाच प्रक्षेपित करावयाचा व संच असलेल्या प्रत्येक गावाने तो ग्रहण करावयाचा, अशी ती योजना होती. गावे दुप्पट झाली असती तरी उपग्रहावरील भार वाढला नसता. इंटरनेटवरील चित्रप्रवाहात, म्हणजेच स्ट्रीमिंगमध्ये, प्रत्येक प्रेक्षकास स्वतंत्र प्रत पोहोचवावी लागते. एका प्रेक्षकास दर सेकंदाला २ मेगाबिट लागतात असे धरल्यास तासाभरात सुमारे ९०० मेगाबाइट होतात. एक कोटी प्रेक्षकांसाठी हाच ओघ दर सेकंदाला २० हजार गिगाबिट होतो. एकाच केंद्रातून तो देशभर पुरविणे व्यवहार्य नाही.

यावरील उपाय धान्यवितरणाशी परिचित असणाऱ्यांना सहज उमजेल. मुख्य गोदामातून माल आधीच गावोगावच्या दुकानांत नेऊन ठेवावयाचा. नेटफ्लिक्स या कंपनीने २०१२ साली जाहीर केलेल्या योजनेनुसार चित्रपटांनी भरलेली साठवणयंत्रे इंटरनेट पुरवठादारांच्याच केंद्रांत बसविली जातात आणि वर्दळ कमी असताना ती भरून घेतली जातात. संध्याकाळी चित्रपट मागविणाऱ्याला तो दूरदेशाहून नव्हे, तर जवळच्या केंद्रातून मिळतो.

चालू सामना मात्र आधी साठविता येत नाही. म्हणून त्याचे काही सेकंदांचे लहान लहान तुकडे पाडतात व प्रत्येक तुकडा निरनिराळ्या दर्जांत तयार ठेवतात. जवळच्या केंद्राने तुकडा एकदा आणला की तोच हजारोंना वाटता येतो. पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा घ्यावयाचा, हे प्रेक्षकाचा फोनच जोडणीचा वेग पाहून ठरवितो. जोडणी मंदावली म्हणजे चित्र धूसर होते, पण सहसा थांबत नाही. या सोयीची किंमत विलंबात मोजावी लागते. शेजारच्या दूरचित्रवाणी संचासमोर जल्लोष होतो, तेव्हा फोनवर गोलंदाज अजून धावतच असतो!

खरी कसोटी गर्दीपेक्षा तिच्या आकस्मिक हालचालींमुळे लागते. १० जुलै २०१९ रोजी भारत व न्यूझीलंड यांच्यातील उपांत्य सामन्यात प्रेक्षकसंख्या २ कोटी ५३ लाखांवर गेली होती. धोनी धावचीत झाला आणि प्रेक्षक लोंढ्याने बाहेर पडू लागले. भार हलका झाला, असे कोणालाही वाटेल. परंतु सामना बंद करणारा प्रेक्षक सेवेच्या मुखपृष्ठावर येतो, आणि त्याच्यासाठी कार्यक्रमांची यादी, शिफारशी वगैरे नव्याने मागवाव्या लागतात. चित्राचा भार उतरत असतानाच हा दुसरा भार चढतो. नवी यंत्रे सुरू होण्यास वेळ लागत असल्याने ती सामन्यापूर्वीच सज्ज ठेवावी लागतात, आणि प्रसंग ओढवल्यास शिफारशींसारख्या दुय्यम सोयी बंद करून मुख्य प्रक्षेपण वाचविले जाते. ही योजकता दाद देण्याजोगी आहे.

तरीही शेवटच्या टप्प्याची मर्यादा उरतेच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे इंटरनेटवरील ताण वाढला, तेव्हा भारतातील प्रमुख सेवांनी उच्च दर्जाचे चित्र तात्पुरते बंद केले व मोबाइल जाळ्यांवर ४८० रेषांची मर्यादा स्वीकारली. त्याच वर्षी शाळा बंद असताना पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सह्याद्री वाहिनीवरून दाखविण्यात आली. जेथे जोडणी तुटपुंजी, तेथे एका प्रक्षेपणात सर्वांना पुरणारी जुनी पद्धत अधिक सोयीची होती.

ज्या शाळेत एकच मंद जोडणी आहे, तेथे चाळीस विद्यार्थ्यांनी तोच पाठ चाळीस फोनांवर पाहणे म्हणजे त्या जोडणीवर चाळीसपट भार घालणे होय. ‘दीक्षा’ उपयोजकावरील पाठ एकदा उतरवून घेऊन जोडणीशिवाय दाखविता येतात व अन्य फोनांना देताही येतात. शिक्षकाने तो आदल्या रात्री उतरवून ठेवला, तर सकाळी वर्गाला इंटरनेटची वाट पाहावी लागत नाही.