नळीखालचे शिक्के

हदगाव १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि पैनगंगा ओलांडली की इंग्रजांच्या कारभारातला वऱ्हाड सुरू होई. अशा सीमेवरच्या मुलखात एखाद्या घरात जुनी दुनळी बंदूक असेल, तर तिची ओळख बहुधा तोंडी चालत येते: आजोबांची आहे, विलायती आहे, जर्मन आहे. या आठवणीला घराण्याच्या इतिहासात मान आहेच. पण बंदूक कुठे तपासली गेली, केव्हा आणि कोणत्या दारूसाठी, याचा पुरावा आठवणीत नसतो, नळीवरच्या नक्षीतही नसतो. तो नळ्यांच्या बुडाशी, खालच्या सपाट भागावर असतो. पुढचा लाकडी भाग काढून नळ्या वेगळ्या केल्याशिवाय तो दिसतच नाही. जुन्या जर्मन बंदुकीची ओळख पटवायची तर या शिक्क्यांचा शब्द शेवटचा मानावा, असे माझे म्हणणे आहे.

जर्मनीत नळ्यांच्या सक्तीच्या परीक्षेचा कायदा १८९१ साली झाला आणि १ एप्रिल १८९३पासून लागू झाला. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा, नळी टिकली तर शिक्का मारायचा, अशी ही परीक्षा. त्या शिक्क्यांत मुकुटाखाली एकेक अक्षर असते. ‘यू’ म्हणजे बारानंतर तपासणी झाली, ‘एस’ म्हणजे छऱ्यांची नळी, ‘जी’ म्हणजे आत आटे पाडलेली नळी आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे तोंडाशी आवळलेली, आपण जिला चोक म्हणतो ती. या मालिकेत मला सर्वांत बोलका वाटतो तो मुकुटाखालचा ‘व्ही’. कायदा लागू झाला तेव्हा जो तयार माल शिल्लक होता त्यावर तो मारला गेला. म्हणजे बंदूक कायद्याआधीची आहे हे एक अक्षर सांगून जाते. शेजारी वर्तुळात १२ दिसले तर ते साल समजू नये. तो बोअर आहे: नळीच्या व्यासाच्या बारा शिशाच्या गोळ्या मिळून एक पौंड भरतो. तारीख असेलच तर ती महिना आणि साल अशी असते. ‘७ २६’ म्हणजे जुलै १९२६. १९४०पासून मुकुटाऐवजी गरुड आणि त्याखाली ‘एन’ आला, म्हणजे बिनधुराच्या दारूची परीक्षा. युद्धानंतर पश्चिम जर्मनीत गरुड-‘एन’ पुन्हा वापरात आला, पण सोबत परीक्षा करणाऱ्या शहराचे चिन्ह असते. उल्मचे हरणाचे शिंग. त्यामुळे नुसता गरुड पाहून युद्धकाळ ठरवता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की बनवणाऱ्याचे नाव तर नळीवर कोरलेलेच असते, मग बुडाशी कशाला पाहायचे? कारण कोरलेले नाव पुष्कळदा विकणाऱ्याचे असते. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडासारख्या पेढ्यांच्या नावाची बंदूक घडलेली दुसरीकडेच असू शकते. ‘क्रुप, एसेन’ आणि तीन कड्या दिसल्या तर ती पोलादाची खूण आहे. त्या पोलादाच्या नळ्या जर्मनीतल्या झुल शहरातल्या अनेक कारागिरांनी वापरल्या, त्यांत १७५१पासून चालत आलेले सावर घराणेही होते. मुकुट दिसला म्हणजे जर्मन, हेही घाईचे आहे. बर्मिंगहॅम आणि लंडनच्या शिक्क्यांतही मुकुट असतो, आणि लंबवर्तुळात ‘ईएलजी’ व वर मुकुट असेल तर बंदूक बेल्जियममधल्या लिएजची. जर्मन शिक्क्यांजवळ इंग्रजी शिक्केही असतील आणि ‘नॉट इंग्लिश मेक’ असे शब्द असतील, तर बंदूक १९२५नंतर इंग्लंडच्या तपासणीतून गेलेली आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: शिक्के घासले जातात, खोटे मारले जातात, नळ्या बदलल्या जातात. हे खरे. म्हणूनच एका शिक्क्यावर निकाल देऊ नये. नळी, मधला लोखंडी सांगाडा आणि पुढचा लाकडाचा भाग या तिन्हींवरचा क्रमांक जुळतो का ते आधी पाहावे. खुणांची ताकद किती, हे कलकत्त्याच्या १९१४च्या ऑगस्टमधल्या प्रसंगाने दाखवले. रॉडा कंपनीची ५० जर्मन माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे क्रांतिकारकांनी पळवली. प्रत्येक पिस्तुलाचा क्रमांक पेढीच्या वहीत होता, म्हणून पुढे हाती लागलेले पिस्तूल त्याच चोरीतले आहे हे सरकारला सिद्ध करता आले. क्रांतिकारकांबद्दल मनात आदर असणाऱ्यालाही त्या नोंदीचे बळ मान्य करावे लागते.

शिक्का नळीची आजची प्रकृती मात्र सांगत नाही. परीक्षेच्या दिवशी ती टिकली, एवढेच त्यातून कळते. काळ्या दारूसाठी तपासलेल्या नळीत आजचे काडतूस घालणे म्हणजे जीव धोक्यात घालणे आहे. शिवाय जुन्या जर्मन बारा बोअरची काडतुसाची जागा पुष्कळदा ६५ मिलिमीटरची असते आणि आजचे काडतूस ७०चे. दुमडलेल्या तोंडामुळे ते आत सहज बसते, पण बार होताना तोंड उलगडून नळीच्या निमुळत्या भागात शिरते आणि दाब वाढतो. रानडुकरांच्या त्रासाने वैतागलेल्या शेतकऱ्याने वडिलोपार्जित बंदूक बाहेर काढण्याआधी हे जाणून घ्यायलाच हवे.

कायद्यालाही या खुणांची किंमत कळली आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या आठव्या कलमानुसार बंदुकीवरचे नाव, क्रमांक वा खूण खोडणे गुन्हा आहे आणि अशी खूण नसलेली बंदूक विकता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. कोणती ठेवायची आणि कोणती द्यायची हे ठरवताना ‘आजोबांची जर्मन’ एवढे वर्णन अपुरे आहे. ज्या घरात अशी बंदूक आहे त्यांनी जाणकार बंदूक-कारागिराकडून नळ्या उतरवून घ्याव्यात, बुडाच्या शिक्क्यांचे उजेडात जवळून छायाचित्र काढावे आणि ते परवान्याच्या कागदांसोबत ठेवावे. गंज काढण्यासाठी त्या जागी कानस किंवा पॉलिश पेपर लावू देऊ नये.