गोल्फच्या फटक्यातील शक्तिनिर्मिती

गोल्फच्या खेळात चेंडू टोलवण्यासाठी खेळाडू जो फिरता फटका मारतो, त्यास स्विंग असे म्हणतात. हा फटका पाहणाऱ्यास हातांचा खेळ वाटत असला, तरी त्यातील बहुतांश शक्ती पाय, कंबर आणि धड यांच्या मोठ्या स्नायूंत निर्माण होते. हात आणि मनगटे ती शक्ती मुख्यतः क्लबपर्यंत पोहोचवतात.

चेंडू आणि क्लब यांची टक्कर

नियमानुसार गोल्फच्या चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हर या क्लबच्या शीर्षाचे वजन सुमारे २०० ग्रॅम असते. व्यावसायिक पुरुष खेळाडूंच्या फटक्यात या शीर्षाचा वेग ताशी सुमारे १८० किलोमीटर असतो आणि चेंडू त्याच्या जवळजवळ दीडपट वेगाने सुटतो. चेंडू व क्लब यांचा संपर्क सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. एवढ्या अल्प काळात शरीराने लावलेल्या जोराचा चेंडूवर परिणाम जवळजवळ होत नाही. म्हणून आवश्यक तो सर्व वेग टकरीपूर्वीच निर्माण व्हावा लागतो.

शक्तीचा प्रवास

क्लब मागे नेताना खांदे सुमारे ९० अंशांतून वळतात, तर कंबर त्याच्या साधारण निम्म्याने वळते. या फरकामुळे धडाचे स्नायू ताणले जातात. ताणलेला स्नायू लगेच आकुंचन पावल्यास अधिक जोर देतो. अमेरिकी प्रशिक्षक जिम मॅकलीन यांनी १९९२ मध्ये खांदे आणि कंबर यांच्या वळणातील या फरकास 'एक्स फॅक्टर' हे नाव दिले.

क्लब खाली येण्याची सुरुवात तळापासून होते. खेळाडू शरीराचा भार लक्ष्याकडील पायावर आणतो व त्या पायाने जमीन दाबतो. जमिनीची तेवढीच विरुद्ध प्रतिक्रिया शरीरास वर ढकलण्यास व वळवण्यास उपयोगी पडते. प्रथम कंबर, मग धड, मग हात आणि शेवटी क्लब, या क्रमाने प्रत्येक भाग आपला कमाल वेग गाठतो. आधीचा भाग मंदावत असताना पुढच्या भागाचा वेग वाढतो. आसूड ओढताना मुठीपेक्षा त्याचे टोक कितीतरी वेगाने फिरते, तसाच हा प्रकार होय. अमेरिकी खेळाडू बेन होगन यांनी १९५७ च्या आपल्या 'फाइव्ह लेसन्स' या पुस्तकात क्लब खाली आणण्याची सुरुवात कंबरेच्या वळणाने करावी, असे प्रतिपादन केले होते.

मनगटांचे कार्य

अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग' या ग्रंथात स्विंगची तुलना एकमेकांस जोडलेल्या दोन दांड्यांशी केली. वरचा दांडा म्हणजे हात, खालचा म्हणजे क्लब आणि त्यांमधील बिजागरी म्हणजे मनगट. मनगटातील कोन जितका उशिरा उघडतो, तितका क्लबचा कमाल वेग चेंडूच्या जवळ साधतो. नवशिके खेळाडू घाईने हातांचा जोर लावतात, तेव्हा हा कोन लवकर उघडतो आणि चेंडूपर्यंत पोहोचण्याआधीच वेग ओसरू लागतो. क्लब खाली येण्यास सेकंदाचा सुमारे चौथा भाग लागतो. इतक्या वेळात चूक ओळखून सुधारणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे हालचालींचा क्रम सरावानेच अंगवळणी पाडावा लागतो.

दुखापतीचा धोका

धडाला पडणारा पीळ शक्ती देतो, तसाच तो मणक्यावर ताणही आणतो. गोल्फ खेळाडूंत कंबरदुखी ही सर्वांत सामान्य तक्रारींपैकी एक आहे. टायगर वुड्स यांच्यावर २०१७ मध्ये पाठीच्या खालच्या भागातील मणके जोडण्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर २०१९ मध्ये त्यांनी मास्टर्स स्पर्धा जिंकली. नितंबांचे सांधे ताठर असल्यास वळण्याचा भार मणक्यावर येतो. म्हणून या सांध्यांची लवचीकता आणि पोट व पाठीच्या स्नायूंची बळकटी शक्तीसाठी जितकी आवश्यक, तितकीच ती शरीराच्या रक्षणासाठीही महत्त्वाची मानली जाते.