स्वस्त मॅग्नेटिक ड्रिल : घ्यावे की घेऊ नये?

फॅब्रिकेशनचे काम करणाऱ्या आपल्या बांधवांची संख्या मुंब्रा, कुर्ला, भिवंडीपासून मिरज-मालेगावपर्यंत मोठी आहे. बहुतेकांचे भांडवल म्हणजे एक वेल्डिंग मशीन, एक ग्राइंडर, एक हँड ड्रिल आणि हातातील हुन्नर. गेट, ग्रिल, शटरच्या कामातून थोडे वर आले की गोदामाचे पोटमाळे, शेडचे खांब, जिने अशी जड कामे मिळू लागतात. भिवंडीच्या आसपास गोदामे उभी राहिल्यापासून तर अशा कामांना तोटा नाही. मात्र या कामांत गर्डरला १८, २२, २६ मि.मी.ची भोके पाडावी लागतात, आणि तेथेच लहान कारखानदाराचे गाडे अडते.

हँड ड्रिलने २२ मि.मी.चे भोक पाडणे म्हणजे मनगट मोडून घेणे होय. गर्डर टेंपोत घालून रेडियल ड्रिलवाल्याकडे न्यावा, तर भाडे आणि दोन दिवसांचा खोळंबा. म्हणून काही जण सरळ गॅस कटरने भोक जाळून मोकळे होतात. पोलादी बांधकामाच्या आय.एस. ८०० या भारतीय मानकाप्रमाणे बोल्टची भोके गॅसने कापून पाडणे योग्य नाही. अशा भोकाच्या कडा वेड्यावाकड्या आणि कडक होतात, बोल्ट सर्व बाजूंनी सारखा टेकत नाही. ज्या पोटमाळ्यावर उद्या माणसे आणि माल चढणार, त्याच्या सांध्यात अशी चोरी ठेवणे हा केवळ तांत्रिक दोष नव्हे, तो अमानतीत खयानत करण्याचा प्रकार आहे.

या अडचणीवर मॅग्नेटिक ड्रिल हा चांगला उपाय आहे. नामांकित परदेशी मशीन लहान माणसाला परवडत नाही. परंतु मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारांत चीनमध्ये बनलेली किंवा तेथील सुटे भाग आणून येथे जोडलेली मशिने त्याच्या काही हिश्श्यात मिळतात. ती घ्यावीत का, आणि घ्यायची तर कशी पारखावीत, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

मशीन काम कसे करते?

मशीनच्या तळाशी विजेवर चालणारा चुंबक असतो. बटण दाबताच तो लोखंडाला घट्ट धरतो. वर सरकपट्टीवर मोटर बसविलेली असते आणि हँडल फिरवून ती खाली-वर करता येते. म्हणजे जॉब मशीनकडे नेण्याऐवजी मशीनच जॉबवर बसते. ३५ मि.मी. क्षमतेच्या मशीनचे वजन साधारण १० ते १५ किलो असते, एक माणूस ते उचलून नेऊ शकतो.

दुसरी खुबी कटरची. साधे ड्रिल भोकातील सगळे लोखंड कुरतडते. या मशीनचा कटर आतून पोकळ असतो. तो फक्त कडेची गोल चर कापतो आणि मधला गाभा अखंड बाहेर पडतो. २२ मि.मी.च्या भोकात चर ४ मि.मी. रुंद धरली, तर एकूण लोखंडापैकी सुमारे ६० टक्केच कापावे लागते. शिवाय साध्या ड्रिलच्या टोकाला जो भारी दाब लागतो तो येथे लागत नाही. त्यामुळे लहान मोटर मोठे भोक पाडू शकते. कटरच्या मधली पिन भोकाचा मध्य दाखविते आणि शेवटी गाभा ढकलून बाहेर काढते.

आधी आपले काम पाहावे

दुकानदार नेहमी मोठे मशीन दाखवितो. आपण बोल्टपासून सुरुवात करावी. आय.एस. ८०० प्रमाणे १६ मि.मी.च्या बोल्टला १८, २० च्या बोल्टला २२ आणि २४ च्या बोल्टला २६ मि.मी.चे भोक धरतात. लहान फॅब्रिकेटरचे बहुतेक काम यातच संपते. म्हणजे ३५ मि.मी. क्षमतेचे मशीन पुष्कळ झाले. ५० मि.मी.चे मशीन घेऊन जादा वजन आणि जादा पैसे अडकवून ठेवण्यात शहाणपणा नाही.

आता दुसरी बाजू. चुंबकाची जी ताकद कागदावर छापतात ती जाड, स्वच्छ, सपाट पाट्यावर सरळ वर ओढून मोजलेली असते. लोखंड १० ते १२ मि.मी.पेक्षा पातळ असले की पकड झपाट्याने घटते. रंग, गंज, पापुद्रा किंवा कीस मध्ये आला तरी तेच होते. १०० मि.मी.च्या चॅनलची उभी बाजू सुमारे ५ मि.मी. जाड असते आणि २०० मि.मी.च्या बीमची ६ मि.मी.पेक्षाही कमी. तेथे पाठीमागून जाड पाटा क्लँपने आवळूनच मशीन बसवावे.

जागेचेही असेच आहे. २०० मि.मी.च्या बीमच्या फ्लँजची रुंदी १०० मि.मी. असते. आतल्या बाजूने मधली उभी पट्टी सोडली तर प्रत्येक अंगाला ४७ मि.मी.च्या आसपास जागा उरते. ८० मि.मी. रुंद चुंबक तेथे बसणारच नाही, भोक बाहेरच्या बाजूने पाडावे लागेल. पाईपवरही चुंबक नीट टेकत नाही. ॲल्युमिनिअमला आणि ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलला तर तो धरतच नाही. ज्यांचे मुख्य काम स्टीलच्या रेलिंगचे किंवा पातळ पत्र्याचे आहे, त्यांनी या मशीनच्या फंदात पडू नये.

दुकानातच परीक्षा घ्यावी

स्वस्त मशिनीत एकाच नावाखाली एक नग चांगला आणि दुसरा वाईट निघू शकतो. म्हणून पेटीबंद माल घरी आणू नये. जाताना १२ मि.मी. जाडीचा साफ केलेला पाटा, टोंग टेस्टर आणि शक्य असल्यास डायल गेज सोबत न्यावे.

पहिली परीक्षा चुंबकाची. तळाला सरळ पट्टी लावून तो सपाट आहे का पाहावे. नंतर पाट्यावर मशीन बसवून कटरच्या बाजूच्या कडेवर डायलची सुई टेकवावी आणि भोक पाडण्यास सुरुवात करावी. कटर दाबला जात असताना हीच कड वर उचलली जाऊ पाहते. सुई सरकू लागली की पकड कमी आहे असे समजावे.

दुसरी परीक्षा सरकपट्टीची. मोटर बंद ठेवून कटर हाताने डावी-उजवीकडे हलवावा. थोडी ढिलाई बाजूच्या स्क्रूंनी आवळता येते. आवळल्यावर मधेच जाम होत असेल आणि दुसरीकडे ढिली राहत असेल, तर पट्टीच वाकडी बनली आहे. तो नग सोडून द्यावा. कटरचे दात याच दोषामुळे तुटतात आणि दोष मात्र कटरवर जातो.

तिसरी परीक्षा मोटरची. अंगावर लिहिलेल्या वॅटवर भरवसा ठेवू नये. भरात चालत असताना टोंग टेस्टरने ॲम्पिअर मोजावेत. २३० व्होल्टवर १२०० वॅटचे मशीन ५ ॲम्पिअरच्या आसपास घेते. तसेच फेऱ्यांचा हिशेब करावा. साध्या लोखंडात हायस्पीड स्टीलच्या कटरसाठी ८००० ला भोकाच्या व्यासाने भागले की मिनिटाचे फेरे ढोबळ मानाने मिळतात. १८ मि.मी.ला सुमारे ४४०, २२ ला ३६० आणि ३५ ला २३०. एकच वेग असलेले मशीन ५००-५५० फेऱ्यांनी फिरत असेल, तर १४ मि.मी.ला ते ठीक आहे, पण ३५ मि.मी.चा कटर त्यावर जळेल. म्हणजे ३५ ही क्षमता कागदावरच राहील. वेग बदलता येणारे मशीन थोडे महाग पडले तरी तेच घ्यावे.

चौथी परीक्षा कटर बसण्याच्या जागेची. ती १९.०५ मि.मी.च्या सर्वसाधारण मापाची, म्हणजे वेल्डन शँकची असावी. याच मापाचे कटर सगळीकडे मिळतात. आगळेवेगळे माप असेल तर जन्मभर एकाच दुकानदाराच्या दाराशी उभे राहावे लागेल.

शेवटी पाच भोके सलग पाडून पाहावीत. मोटर हाताला सोसवेनाशी तापली, जळका वास आला किंवा गाभा बाहेर पडताना अडला, तर नमस्कार करून निघावे. कार्बन ब्रश, आर्मेचर, स्विच आणि चुंबकाची कॉइल सुटी मिळते का हेही तेथेच विचारावे आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावे. मालातील दोष ग्राहकाला सांगणे ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. ती मानणारा दुकानदार परीक्षा घेऊ देण्यास मागेपुढे पाहत नाही.

साखळीची कसूर महाग पडते

या मशीनचा सर्वांत मोठा धोका साधा आहे : वीज गेली की चुंबक सुटतो. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. आमच्या परिचयाच्या एका कारखानदाराने खांबाच्या उभ्या बाजूवर मशीन लावले होते. सोबत आलेली साखळी पेटीतच राहिली होती. वीज गेली, मशीन सुटले आणि खाली ठेवलेल्या पत्र्यावर आदळले. दोन मिनिटे आधी तेथे बसून मुलगा पट्टी मोजत होता. अल्लाहची कृपा म्हणून तो उठून पाणी प्यायला गेला होता. मशीनचे हँडल तुटले, त्याचे काही नाही. मुलाच्या डोक्यावर ते पडले असते तर कोणत्या किमतीने भरपाई झाली असती?

म्हणून उभ्या किंवा डोक्यावरच्या कामात, आणि खरे तर प्रत्येक वेळी, मशीन साखळीने किंवा मजबूत पट्ट्याने जॉबला बांधावे. चुंबक चालू नसताना मोटर सुरू होता कामा नये, आणि वीज परत आल्यावर मोटर आपोआप फिरता कामा नये. या दोन्ही गोष्टी दुकानात प्लग काढून-लावून पाहाव्यात. तीन पिनांचा प्लग आणि चांगली अर्थिंग हवी. ३० मिलिॲम्पिअरचा आर.सी.सी.बी. लावावा. लांब, बारीक वायरीवर वेल्डिंगसोबत मशीन चालविले तर दाब पडून पकड ढिली होते. ज्या जॉबवर मशीन बसले आहे त्याच जॉबवर त्या वेळी वेल्डिंग करू नये, कारण वेल्डिंगचा प्रवाह मशीनच्या अर्थिंगमधून परतू शकतो आणि आतील सर्किट जळते.

चालविताना हातमोजे, गळ्यातील रुमाल, सैल बाह्या नकोत, चष्मा मात्र हवा. सुरुवातीला हलका दाब द्यावा, कटर बसला की एकसारखा दाब ठेवावा. ड्रिलसारखे वर-खाली करू नये, कीस दातांखाली येऊन ते तुटतात. कापताना कुलंट सोडावे. डोक्यावरच्या कामात ते खाली गळून जाते, तेथे कटरला कटिंग पेस्ट लावावी. गाभा तापलेला असतो आणि जोराने खाली पडतो, म्हणून खाली कोणाला उभे करू नये.

पैशांचा हिशेब

समजा, मशीन आणि चार कटर मिळून ३६,००० रुपये पडले. समजा, बाहेर टेंपोसह भोकाला ३० रुपये पडतात आणि घरी कटरची झीज, मजुरी व वीज धरून १२ रुपये. म्हणजे भोकामागे १८ रुपये वाचले. २,००० भोकांनी मशीन फिटले. महिन्याला ४०० भोके असतील तर पाच महिन्यांत, १०० असतील तर वीस महिन्यांत. आपले खरे दर आणि गेल्या सहा महिन्यांची भोके वहीतून काढून हाच हिशेब मांडावा. भोके महिन्याला २५-३० च असतील तर मशीन भाड्याने घेणे किंवा बाहेरून पाडून आणणेच बरे.

अनेकदा हिशेब जमतो, पण रोख रक्कम नसते. अशा वेळी व्याजाच्या हप्त्यावर मशीन घेण्याचा मोह होतो. नफा भोकामागे काही रुपयांचा, आणि त्यातूनच व्याज भरायचे, तर बरकत कशी राहावी? त्यापेक्षा जवळचे दोन-तीन कारखानदार मिळून भागीदारीत मशीन घेऊ शकतात. महिन्याला शंभर भोके पाडणारे तिघे एकत्र आले तर तेच मशीन सात महिन्यांच्या आत फिटते. मात्र कोणाकडे कोणते दिवस, कटर ज्याचा त्याचा, दुरुस्तीचा खर्च कोणी किती सोसायचा हे आधी कागदावर लिहावे. देण्याघेण्याचे लिहून ठेवण्याची कुरआनची शिकवण आहे, आणि ओळखीच्या माणसांतच तिची गरज अधिक असते.

आमचे मत

जाड लोखंडात १४ ते २६ मि.मी.ची भोके नेहमी पाडणाऱ्या लहान कारखान्याला स्वस्त मॅग्नेटिक ड्रिल उपयोगी आहे, परंतु ते नाव पाहून नव्हे, नग पारखून घ्यावे. रोज शेकडो भोके पाडणाऱ्याने मात्र चांगल्या कंपनीचे, जुने असले तरी चालू स्थितीतील मशीन शोधावे. काटकसर करायचीच तर मशीनच्या रंगात आणि पेटीत करावी. कटर, अर्थिंग आणि साखळी यांत करू नये. चांगला कटर स्वस्त मशिनीतूनही स्वच्छ भोक पाडतो, आणि वाईट कटर महाग मशीनचीही अब्रू घालवितो.

आपल्या हाताने पाडलेल्या भोकात बोल्ट अलगद बसावा, सांधा पक्का व्हावा आणि काम करणारा मुलगा संध्याकाळी सुखरूप घरी जावा, याहून कारखानदाराला दुसरे काय हवे? हलाल रोजीला अल्लाह बरकत देवो.