अलॉय बसवताय? आधी टायरवरचे आकडे वाचा

सोयाबीन विकून हातात चार पैसे आले की मेहकर, लोणार, सिंदखेड राजा भागात गाडीला अलॉय बसवायची हौस जोर धरते. काही जण यालाच मॅग म्हणतात. गाडी जुनी वॅगन आर असो नाहीतर सेकंडहँड स्विफ्ट, काळ्या लोखंडी डिस्क काढून चकचकीत चाकं टाकली की गाडीचं रूप पालटतं, हे खरंच आहे. पण हीच गाडी सकाळी पांदण रस्त्याने शेतात जाते आणि दुपारी समृद्धीवर चढून नागपूर नाहीतर संभाजीनगर गाठते. एकीकडे खड्डे आणि बाभळीचे काटे, दुसरीकडे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असलेला सिमेंटचा रस्ता. दोन्हीकडे गाडीचा भार पेलतो तो टायर. दुकानात मात्र अर्धा तास डिझाइन निवडण्यात जातो आणि टायर "जो बसेल तो टाका" म्हणून उरकला जातो.

टायरच्या बाजूवर सगळी कुंडली लिहिलेली असते. समजा लिहिलं आहे १६५/८० आर १४ ८५ टी. यात १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे रुंदीच्या ८० टक्के एवढी रबरी भिंतीची उंची, म्हणजे १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल आणि १४ म्हणजे चौदा इंची रिम. पुढचा ८५ हा आकडा वजनाचा आहे, पण ते थेट किलो नाहीत. ८५ म्हणजे एका टायरची ताकद ५१५ किलो. ७९ असेल तर ४३७ किलो, ८८ असेल तर ५६० किलो. शेवटचं टी हे अक्षर वेगाचं, ताशी १९० किलोमीटरपर्यंत.

मूळ टायरवर जो वजनाचा आकडा आहे, त्यापेक्षा कमी आकड्याचा टायर कधीही घेऊ नये. आपल्याकडे पाच जणांच्या गाडीत सात जण बसतात, डिकीत दोन कट्टे असतात, आणि गाडी सीएनजीची असेल तर मागे टाकीचं ओझं कायमचंच. दिसायला रुंद असलेला टायरही वजनाला कमी असू शकतो. म्हणून रुंदी बघून फसू नका, आकडा वाचा. वेगाचं अक्षरही मूळ टायरपेक्षा खालचं नको.

आता मोठ्या रिमचा विषय. रिम एक इंच वाढवली तर टायरची भिंत तेवढी कमी करावी लागते, म्हणजे चाकाचा बाहेरचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो. हे कंपनीसुद्धा करते. २०१८ मध्ये आलेल्या स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर होता आणि वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. पहिल्याचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१ ते ६२२. फरक जवळपास नाहीच. तेरा इंची वॅगन आरला १५५/८० आर १३ येतो, त्याचा व्यास ५७८. त्याच गाडीच्या चौदा इंची मॉडेलला १६५/७० आर १४ येतो, तो ५८७ च्या आत. म्हणजे दीड टक्क्याचा फरक. व्यासात मूळ मापापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त फरक नको, हा टायरच्या धंद्यातला साधा नियम आहे. याच वॅगन आरला कोणी १७५/७० आर १४ टाकला तर व्यास ६०० च्या वर जातो. फरक जवळपास ४ टक्के. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी खरी १०४ ने पळत असेल, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासण्याची शक्यता वेगळीच.

हिशोब कागदावर कोणालाही करता येतो. रुंदी गुणिले भिंतीची टक्केवारी, भागिले १००, त्याची दुप्पट. त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवायचे. दुकानदार "बसतंय ना" म्हणाला तरी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढून दोन मिनिटं घालवावीत.

व्यास जुळला म्हणजे सगळं जुळलं असंही नाही. वॅगन आरला १९५/४५ आर १६ घातला तर व्यास बरोबर येतो, ५८२. पण रबराची भिंत १२४ मिलिमीटरवरून ८८ वर येते. खड्ड्यात चाक आपटलं की झटका आधी ही भिंत गिळते. ती बुटकी झाली की मार थेट रिमवर जातो. लोखंडी डिस्क वाकते आणि बऱ्याचदा ठोकून सरळ करता येते. अलॉयला मात्र तडा जाऊ शकतो आणि ट्यूबलेस टायरची हवा तिथून निघून जाते. तडा गेलेल्या अलॉयला वेल्डिंग करून देणारे भेटतात, पण ती जागा पुन्हा मूळ ताकदीची होईल याचा भरवसा नाही. असं चाक समृद्धीवर नेणं म्हणजे जीव टांगणीला लावणं. पुण्या-मुंबईच्या गाड्यांचे फोटो बघून सोळा-सतरा इंचाचा हट्ट धरणाऱ्या पोरांना घरच्यांनी हे सांगायला हवं. आपल्या रस्त्यांना मूळ रिमएवढंच माप, फार तर एक इंच वाढ, आणि तीही कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला दिलेली असेल तरच.

अलॉय घेतलं की गाडी ट्यूबलेस होते, असा एक समज आहे. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना लोखंडी डिस्कवरच ट्यूबलेस येतो, त्यासाठी वेगळा खर्च करायची गरज नाही.

तरी बसवायचंच ठरलं तर तीन मापं जुळली पाहिजेत. पहिलं नटांचं. किती नट आणि ते किती मिलिमीटरच्या गोलावर आहेत, याला पीसीडी म्हणतात. स्विफ्ट आणि ग्रँड आय-टेन दोन्हींना चार नट आणि १०० मिलिमीटर. म्हणून एकीचं चाक दुसरीला बसेल असं वाटतं. पण मारुतीच्या नटाचा आटा १.२५ चा आणि ह्युंदाईचा १.५ चा. चाकासोबत नटही दुसऱ्या गाडीचे आणले आणि पान्याने जोर लावून बसवले तर आटे खराब होतात. नट गाडीचेच हवेत आणि त्याची बैठक अलॉयच्या भोकात नीट बसणारी हवी. काही अलॉयला नट वेगळ्या आकाराचे लागतात, ते सेटसोबतच मागून घ्यावेत.

दुसरं माप मधल्या भोकाचं. अलॉयचं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मध्ये रिंग घालावी लागते, नाहीतर ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि लोक बॅलन्सिंग करत बसतात. तिसरं ऑफसेट, म्हणजे चाक आत-बाहेर किती राहील ते. बाहेर आलेली चाकं दमदार दिसतात, पण बेअरिंगवर ताण वाढतो आणि पावसाळ्यात सगळा चिखल दरवाजांवर उडतो. रिमवर आणि टायरवर आयएसआयची खूण आहे का, तेही बघावं. जुन्या बाजारातली चाकं रंग मारून नवी केलेली असू शकतात आणि रंगाखाली तडा झाकला जातो.

आता टायर फुटण्याचं. उन्हाळ्यात हवा गरम होऊन टायर फुटतो, म्हणून थोडी कमी हवा ठेवावी, असं गावोगावी सांगितलं जातं. हा सल्ला घातक आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि जास्त तापते. पांदण रस्त्यावर तीसच्या वेगाने ते कळत नाही. पण एकशेदहाच्या वेगाने तासभर सलग पळवलं, गाडी भरलेली असली, की आतले थर सुटायला लागतात. ड्रायव्हरच्या दरवाजाजवळ हवेचं स्टिकर असतं, त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतात. छोट्या गाड्यांना ते बहुधा ३० ते ३५ च्या दरम्यान असतात. हवा सकाळी टायर थंड असताना भरावी. वाटेत थांबून गरम टायरची हवा तपासली तर आकडा वाढलेला दिसतो, तो साहजिक आहे, हवा काढू नये. नायट्रोजन भरला तरी हवा तपासायची सुटका नाही.

खेड्यातल्या गाडीची आणखी एक अडचण आहे. ती वर्षभरात फिरतेच किती? लग्न, दवाखाना, बाजार. त्यामुळे नक्षी शाबूत असते आणि टायर नवा वाटतो, पण रबर जुनं झालेलं असतं. टायरवर डॉट लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. पाच वर्षं झाली की दरवर्षी तपासून घ्यावा, बाजूला बारीक भेगा दिसल्या तर बदलावाच. नवा घेतानाही हे आकडे बघावेत, दुकानात दोन वर्षं पडलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नये. नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. समृद्धीच्या एन्ट्रीवर परिवहन विभागाने टायर तपासून गोटा झालेल्या गाड्या अडवल्याही आहेत. रिमोल्ड केलेला टायर कारला लावूच नये.

पैसे दोनच टायरचे असतील तर नवे दोन मागे लावावेत. ऐकायला उलटं वाटतं, कारण इंजिन पुढे आणि जोरही पुढच्या चाकांना. पण पावसात मागची चाकं घसरली तर गाडी गरकन फिरते आणि साध्या ड्रायव्हरला ती सावरत नाही.

खर्चाचं साधं गणित असं, की चार अलॉयच्या पैशात बऱ्याचदा चार चांगले टायर येतात. टायर जुने झालेले असताना त्यावर नवे अलॉय घालणं म्हणजे फाटक्या धोतरावर रेशमी फेटा. विमा असेल तर बाहेरून बसवलेली चाकं कंपनीला कळवून पॉलिसीत लिहून घ्यावीत. नाहीतर ती चोरीला गेल्यावर भरपाई मिळवताना अडचण येते. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरलाही आधी विचारावं.

बसवताना नट आधी हाताने लावून मग समोरासमोरचे आवळावेत. सगळा जोर हवेच्या बंदुकीनेच लावू देऊ नये. नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करावं. साधारण १०० किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा एकदा तपासून आवळायचे, हे बहुतेक जण विसरतात. आणि स्टेपनी लोखंडीच राहणार असेल तर तिला लागणारे जुने चार नट पिशवीत बांधून डिकीत ठेवावेत. अलॉयचे नट लोखंडी डिस्कला बसले नाहीत तर रात्री अकरा वाजता रस्त्यावर ते कुठे मिळणार नाहीत.