व्हिडिओ संपादनाचे शिक्षण : फी भरण्यापूर्वी हुनर समजून घ्या

आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या घरांतून अलीकडे एक नवी मागणी ऐकू येते. बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी म्हणते, ‘अब्बा, मला व्हिडिओ एडिटिंग शिकायचे आहे.’ काही वडील हे कसले काम म्हणून झिडकारतात, काही जण काहीच न विचारता फी भरून मोकळे होतात. आमच्या मते दोन्ही मार्ग तोट्याचे आहेत.

आमच्याही घरी हा प्रश्न आला. आमचा पुतण्या बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात असताना एका क्लासचे चाळीस हजारांचे फीपत्रक घेऊन आला. आम्ही तीस वर्षे मालेगावात कापडाचा व्यवहार करतो. माल पाहिल्याशिवाय पैसे देण्याची आमची सवय नाही. ‘या चाळीस हजारांत काय शिकवणार?’ असे विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘बडे अब्बा, सॉफ्टवेअर.’ बहुतेक घरांत बोलणे इथेच संपते. आम्ही मात्र वर्षभर त्याच्या शेजारी बसून हे काम पाहिले. त्यात जे समजले ते बांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून इथे मांडत आहोत.

पूर्वीची पद्धत

आमच्या गावाला हे काम अगदीच परके नाही. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी सन २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट गावातल्याच लोकांना घेऊन काढला. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’मध्ये नायकाचे काम एका यंत्रमाग कामगाराने केले. त्यावरचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट बाहेर देशांतही दाखवला गेला आणि २०२४ मध्ये रीमा कागती यांनी याच कहाणीवर हिंदी चित्रपट काढला. सुरुवातीला या मंडळींकडे संपादनासाठी होते दोन व्हीसीआर. एकावर मूळ कॅसेट चालवायची आणि दुसऱ्यावर हवा तेवढा भाग उतरवून घ्यायचा.

या पद्धतीत दोन अडचणी होत्या. मध्येच एक दृश्य घालायचे राहिले तर त्याच्या पुढचे सारे पुन्हा उतरवावे लागे. शिवाय प्रत्येक नकलेत चित्र थोडे फिके होई. सन १९९५ मध्ये डीव्ही कॅसेटचे डिजिटल कॅमेरे बाजारात आले, तारेने चित्रण जसेच्या तसे संगणकात उतरू लागले आणि या दोन्ही अडचणी गेल्या. डिजिटल नक्कल मुळाइतकीच चोख असते.

संगणकावर संपादन करताना मूळ चित्रणाला कात्री लागतच नाही. सॉफ्टवेअर फक्त हिशेबाची वही ठेवते : अमुक क्लिप, इतक्या सेकंदापासून इतक्या सेकंदापर्यंत, त्यानंतर तमुक. वही हवी तितक्या वेळा बदला, गोदामातला माल जागच्या जागी राहतो. पण मुलाने गोदामातली वस्तू हलवली, फोल्डरचे नाव बदलले, की वहीला माल सापडत नाही आणि पडद्यावर क्लिप गायब दिसते. म्हणून नीटनेटके फोल्डर हा या शिक्षणाचा पहिला धडा होय.

चित्र : डोळा तयार करणे

संपादन चांगले व्हायचे तर चित्रण चांगले हवे, म्हणून विद्यार्थ्याने कॅमेरा शिकणे आवश्यक आहे. आपल्याकडे व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रे घेण्याचा रिवाज आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवले की चित्र फडफडत नाही.

रंगाची गोष्ट कापडवाल्याला सांगावी लागत नाही. दुकानातल्या दिव्याखाली पसंत केलेला रंग गिऱ्हाईक उन्हात नेऊन पाहते, कारण दिव्याचा उजेड पिवळट आणि दिवसाचा निळसर. कॅमेऱ्याला ‘पांढरे म्हणजे कोणते’ हे आधी सांगणे याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. बारीक चौकडीचा किंवा बारीक पट्ट्यांचा कपडा असेल तर कॅमेऱ्यात त्यावर लाटा उठल्यासारख्या दिसतात. कपड्यातील रेघा आणि कॅमेऱ्याच्या आतील ठिपक्यांच्या रांगा एकमेकींत अडकतात, म्हणून असे होते. कॅमेरा थोडा मागेपुढे केला की लाटा कमी होतात. लुंगी-रुमालाच्या जाहिराती करणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

आवाज

नवे विद्यार्थी चित्राकडे पाहतात आणि आवाज विसरतात. चित्र थोडे हलले तर लोक चालवून घेतात, पण बोलणे ऐकू आले नाही तर पाहणे सोडून देतात. कॅमेऱ्यावरचा माइक आसपासचे सारेच ऐकतो, म्हणून बोलणाऱ्याच्या छातीजवळ छोटा माइक लावावा. आवाज वेगळ्या यंत्रावर घेतला असेल तर सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. संगणकावर हात मिळालेले चित्र आणि ‘फट्’ आवाज जुळवला की पुढचे सारे जुळते. प्रत्येक ठिकाणी कोणी न बोलता मिनिटभर नुसता तिथला आवाजही घ्यावा. बोलण्याचा तुकडा कापल्यावर मध्ये जी भोके पडतात, ती त्याने रफू करता येतात.

सांभाळ : आमच्या घरचा धडा

आता आमच्या घरची चूक सांगतो. पुतण्याने पहिल्याच हंगामात एका ओळखीच्या घरच्या निकाहचे काम घेतले. रात्री कार्डवरचे चित्रण लॅपटॉपमध्ये उतरवले आणि दुसऱ्या दिवशी दुसरे काम होते म्हणून कार्ड पुसले. तिसऱ्या दिवशी लॅपटॉपची डिस्क बसली. दुरुस्तीवाल्याकडून थोडेफार परत मिळाले, निकाहचा भाग नाही. आम्ही स्वतः त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली आणि घेतलेले पैसे परत केले. घर भले होते, रागावले नाहीत. मुलीच्या आईने एवढेच विचारले, ‘अम्मीजान दुआ देत होत्या, तेवढे तरी आहे का?’ ते नव्हते. ताका खराब निघाला तर आम्ही दुसरा देतो. हा माल दुसरा देता येत नाही.

त्या दिवसापासून घरात नियम आहे : तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. तिन्ही उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसायचे नाही. यासाठी जागा किती लागते त्याचा हिशेबही मुलाला यावा. सेकंदाला १०० मेगाबिट लिहिणारा कॅमेरा तासाला सुमारे ४५ जीबी भरतो. सहा तासांचे काम म्हणजे २७० जीबी, आणि तीन प्रतींचे ८१० जीबी. डिस्कचा खर्च गिऱ्हाइकाच्या दरात धरला नाही तर तो घरातून जातो.

कापणे म्हणजे निवडणे

यानंतर संपादन. आधी सारे चित्रण पाहून कामाचे तुकडे वेगळे करायचे, मग ते कच्चे जोडायचे, मग घट्ट करायचे, आणि शेवटी आवाज व रंग. शिंपी कात्री चालवण्यापूर्वी कापडावर खडूने खुणा करतो, तसाच हा क्रम. बटणे महिनाभरात येतात. कोणता तुकडा ठेवावा, तो कुठे संपवावा आणि पुढच्या माणसाचा आवाज चित्राच्या आधी किंचित कधी सुरू करावा, हे मात्र हात बसल्याशिवाय येत नाही.

विद्यार्थ्यासाठी आम्ही एक अभ्यास सुचवतो. ओळखीच्या कारखान्यात परवानगी घेऊन बॉबिन भरण्यापासून कापडाची घडी होईपर्यंतचे काम चित्रित करावे. त्याची तीन मिनिटांची फिल्म करावी. मग तीच एका मिनिटात बसवावी, पण पाहणाऱ्याला कापड कसे होते ते समजले पाहिजे. दोन मिनिटे काढून टाकताना जो विचार करावा लागतो, तीच खरी तालीम.

कुठे शिकावे, काय घ्यावे

सुरुवातीला महाग कॅमेरा घेऊ नये, घरातला फोन पुरतो. सॉफ्टवेअरसाठी फी देण्याचीही गरज नाही. शॉटकट आणि केडेनलाइव्ह फुकट आहेत. जरा ताकदीचा संगणक असेल तर दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती चालते, आणि याच सॉफ्टवेअरवर मोठ्या चित्रपटांचे रंगकाम होते. ज्याला पुढे जायचे आहे त्याने पदवी पूर्ण करावी. पुण्यात १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संपादनाचा अभ्यासक्रम आहे. त्याला पदवी आणि प्रवेश परीक्षा दोन्ही लागतात.

क्लास लावूच नये असे आम्ही म्हणत नाही. फी भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : चित्रण आणि आवाज शिकवता का? मुलाच्या हातून पूर्ण कामे किती होतील? ती पाहून चुका कोण सांगणार? चित्रणाचा सांभाळ शिकवता का? उत्तर फक्त सॉफ्टवेअरचे नाव आले तर उठून यावे. काम करणाऱ्या एखाद्या उस्तादाकडे सहा महिने शागिर्दी मिळाली तर ती अधिक मोलाची.

दराचा हिशेब

शेवटी व्यापाराची गोष्ट. दोन कॅमेऱ्यांचे सहा-सहा तासांचे चित्रण नुसते पाहायलाच बारा तास जातात. कापणे त्यानंतर. मुले फक्त चित्रणाचा दिवस मोजतात आणि रात्री फुकट घालवतात. आगाऊ रक्कम, देण्याची तारीख, दुरुस्त्या किती वेळा, आणि चित्रण किती महिने सांभाळणार, हे चार मुद्दे कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. सिनेमाचे गाणे परवानगीशिवाय लावून इंटरनेटवर टाकले तर व्हिडिओ अडवला जाऊ शकतो, हेही गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

आमच्या पुतण्याने तो क्लास लावला नाही. फीच्या पैशांतून एक बरा माइक आणि तीन हार्ड डिस्क घेतल्या, आणि शहरातल्या एका जुन्या संपादकाकडे तो संध्याकाळी बसू लागला. गेल्या हंगामात ज्या घरचे चित्रण हरवले होते, त्याच घरच्या धाकट्या मुलीच्या निकाहचे काम त्यांनी पुन्हा त्यालाच दिले. त्या रात्री तिन्ही प्रती उघडून पाहिल्यावरच तो झोपला. आम्हीही.